लढाऊ विमानं घ्यायला आपल्याला इतकी वर्षं का लागतात?

पैसा हे कारण आहेच, पण माझ्या मते त्याहून मोठं कारण म्हणजे निर्णयाचं घोंगडं भिजत ठेवायची सवय.

आम्ही ग्वाल्हेरकर. शहरातल्या लष्कर नावाच्या भागात गच्चीवर पापड वाळत घालताना हवाई दलाच्या महाराजपूर तळावरचं मिराज हे लढाऊ विमान डोक्यावरून गेलं की बोलणं मध्येच थांबवावं लागतं. त्या मिराजचा करार १९८२चा आणि विमानं आली १९८५ला. म्हणजे मनात आणलं तर जमतं!

आता पुढचं बघा. १२६ विमानांची निविदा २००७ला निघाली. सहा स्पर्धक, चाचण्या, मग २०१२ला राफेलची निवड. १८ तयार यायची होती, १०८ एचएएल या आपल्या सरकारी विमान कंपनीत बनायची होती. तिथेच गाडं अडलं. इथे बनलेल्या विमानांची हमी कोणी घ्यायची आणि ती बनवायला माणसांच्या कामाचे किती तास धरायचे, यावरून घासाघीस चालली ती चाललीच. शेवटी २०१६ला फक्त ३६ विमानांचा करार झाला आणि पहिली पाच जुलै २०२०मध्ये अंबाल्याला उतरली.

‘स्वदेशी घ्या’ म्हणणाऱ्यांनी तेजसकडेही बघावं. त्याच्या मार्क-१ए या सुधारित प्रकारच्या ८३ विमानांचा करार २०२१चा, पण इंजिन अमेरिकेचं, आणि त्यातलं पहिलं मिळालं मार्च २०२५मध्ये. इंजिनच नाही तर सांगाडा घेऊन काय करायचं?

हवाई दलाला मंजूर स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या, ४२. सप्टेंबर २०२५मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर उरल्या २९. आणि आमची मिराज, चाळिशी उलटली तरी ड्यूटीवर.