अनसूया, अनुसया की अनुसूया?

प्रश्न : मुलीला पणजीचे नाव ठेवतोय. जुन्या सातबाऱ्यावर ‘अनुसया’, पत्रिकेत ‘अनसूया’. दाखल्यावर काय लिहू? – एक वाचक, सांगली

उत्तर : मूळ रूप अनसूया. अन् + असूया, म्हणजे जिच्या मनात मत्सर नाही ती. अत्रिऋषींची पत्नी, दत्ताची आई. ‘न’ला उकार नाही, ‘सू’ दीर्घ. ‘अनुसया’ हे बोलीत घासून गुळगुळीत झालेले रूप. औदुंबर-वाडीच्या टापूत तेच कानावर पडते आणि मला ते गोडही वाटते. पणजीच्या आठवणीसाठी ठेवायचे तर खुशाल ठेवा. ‘अनुसूया’ मात्र नको. ते ना धड संस्कृत, ना बोली; ‘अनु’ हा उपसर्ग त्यात मुळात नाहीच.

इंग्रजीत ए-एन-ए-एस-यू-वाय-ए. दीर्घ दाखवायला दोन ‘ओ’ घालू नका. एका कागदावर यू, दुसऱ्यावर डबल ओ, की पासपोर्टच्या वेळी प्रतिज्ञापत्र करत बसा. जन्मनोंदणीत नाव 12 महिन्यांत विनाशुल्क घालता येते, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. दाखला हातात पडताच ‘सू’ पाहा. टंकताना हमखास ऱ्हस्व होतो आणि तोच पुढे शाळेत उतरतो.