स्पॅनिश बोलताना वय कुठे कळतं? वाचकांचे प्रश्न

या वेळी तुमचे बरेच प्रश्न एकाच विषयावर आलेत, कुठला स्पॅनिश शब्द आता जुना झालाय आणि कुठला तोंडातून निघाला की समोरचा लगेच आपल्या वयाचा अंदाज बांधतो. सगळे घेता येणार नाहीत, पण ज्यात खरंच सांगण्यासारखं काही होतं ते निवडलेत. बहुतेक उत्तरं स्पेनबद्दल आहेत, दुसऱ्या देशाचं असेल तिथे तसं म्हटलंय.

प्रश्न (सध्या थारागोथा, मूळ पुणे): माझ्या घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत. परवा म्हणाल्या, पूर्वी हे सगळं "वेइन्ते दुरोस"ला मिळायचं. माझ्या माहितीप्रमाणे दुरो म्हणजे कडक, टणक. मग वीस कडक म्हणजे काय?

उत्तर: दुरो म्हणजे पाच पेसेतांचं नाणं, पेसेता हे स्पेनचं युरोच्या आधीचं चलन. वीस दुरो म्हणजे शंभर पेसेता. नोटेवर, पावतीवर सगळीकडे पेसेताच लिहिलेलं असायचं, पण बोलताना लोक हिशोब दुरोत करायचे, पाचाच्या पटीत, आणि तो इतका अंगवळणी पडला होता की हजार दुरो म्हटलं की पाच हजार पेसेता हे डोक्यात आपोआप व्हायचं. १ जानेवारी २००२ ला युरोच्या नोटा-नाणी आली, दर ठरला होता १ युरो म्हणजे १६६.३८६ पेसेता. म्हणजे तुमच्या बाईंचे वीस दुरो आजचे साधारण साठ सेंट.

आता वयाचं बघा. "नो तेंगो उन दुरो", माझ्याकडे दमडी नाही, हे अठरा वर्षांचा मुलगाही म्हणतो, ज्याने ते नाणं हातात कधी धरलेलं नाही. त्यावरून काहीच कळत नाही. पण कोणी खरोखर किंमत दुरोत सांगितली की समजा, हा माणूस पेसेता खर्च करून मोठा झालाय. तसंच "तालेगो" म्हणजे हजार पेसेता आणि "किलो" म्हणजे दहा लाख पेसेता. वीस किलोंचा फ्लॅट म्हणजे दोन कोटी पेसेतांचा, आजचे साधारण एक लाख वीस हजार युरो. घरांच्या किमतीत हा किलो बरीच वर्षं टिकून राहिला, कारण घर आयुष्यात एकदा-दोनदाच घेतलं जातं आणि आकडा जुन्या चलनातच डोक्यात बसलेला असतो.

बाईंशी कधी वाद झाला आणि त्या "पारा ती ला पेर्रा गोर्दा" म्हणाल्या, तर त्याचा अर्थ "बरं बाबा, तुझंच खरं". पेर्रा गोर्दा म्हणजे जाडी कुत्री. १८७० साली निघालेल्या दहा सेंतिमोंच्या (सेंतिमो म्हणजे पेसेताचा शंभरावा भाग) नाण्यावर सिंह होता, पण तो लोकांना कुत्र्यासारखा दिसला, म्हणून मोठं नाणं जाडी कुत्री आणि पाच सेंतिमोंचं छोटं नाणं पेर्रा चिका, छोटी कुत्री.

प्रश्न (व्हॅलेन्सिया, मास्टर्स करतेय): मी "चाची" म्हटलं की वर्गातली मुलं हसतात. यूट्यूबवरून शिकले होते. "गुआय" चालेल का? आणि एका प्रोफेसरांनी "दाबुतेन" म्हटलं तेव्हा तर कोणी हसलंच नाही, नुसते बघत राहिले!

उत्तर: कुठल्याही भाषेत "मस्त"साठीचे शब्द सगळ्यात लवकर म्हातारे होतात, कारण प्रत्येक पिढीला स्वतःचा हवा असतो. स्पेनमध्ये तर या एका शब्दावरून माणसाचं तरुणपण कुठल्या दशकात गेलं ते बऱ्यापैकी सांगता येतं. "फेतेन" आणि "चिपेन" हे आजी-आजोबांचे, दोन्ही कालोतून आलेले, कालो म्हणजे स्पेनच्या जिप्सी समाजाची बोली. तुझा चाचीसुद्धा त्याच घरचा, आता तो लहान मुलांशी बोलताना किंवा लाडात येतो, म्हणून वर्गात हसू आलं, त्यात तुझं फार काही चुकलं नाहीये. दाबुतेन हा माद्रिदच्या ऐंशीच्या दशकातला, हुकूमशहा फ्रँको गेल्यानंतर तिथे जी सगळी धमाल सुरू झाली, संगीत, कपडे, रात्र रात्र जागणं, ज्याला ला मोविदा म्हणतात, तेव्हाची ही भाषा, तिला चेली म्हणायचे. तुझे प्रोफेसर त्या काळात कॉलेजात असणार.

"गुआय"पण ऐंशीच्या दशकातच पसरला, पण तो टिकला, बिनधास्त वापर. "मोला" (मस्त वाटतं, आवडतं) हा तर त्याहून जुना, हाही कालोतलाच, आणि अजून ठणठणीत आहे. का टिकला ते कोणी नीट सांगू शकत नाही, मला वाटतं तो क्रियापद आहे म्हणून, मे मोला, नो मे मोला, सगळ्या काळांत चालवता येतो, नुसता उद्गार असता तर फेतेनसारखा केव्हाच गेला असता. वर्गातली मुलं दर वाक्यात जे "एन प्लान" (म्हणजे, असं काहीतरी) आणि "लितेराल" (अक्षरशः) टाकतात ते समजून घे, पण वापरायची घाई करू नकोस, ते कुठे बसतं ते कानाने कळलं की आपोआप येईल.

आणि त्या प्रोफेसरांहून मोठ्या कोणी कधी "गुआतेके"चा विषय काढला तर नक्की ऐक. साठच्या दशकात कोणाच्या तरी घरी आई-बाबा नसताना किंवा शेजारच्या खोलीत असताना रेकॉर्ड लावून जो डान्स व्हायचा तो गुआतेके. रेकॉर्ड प्लेअरला "पिकू" म्हणायचे, इंग्रजी पिकअपवरून. पिकू शब्द कोणी वापरला तर वय विचारायची गरजच नाही.

प्रश्न (नाशिक, निवृत्त शिक्षिका, वय ६८): मी दोन वर्षांपासून स्पॅनिश शिकतेय, मुलगी माद्रिदला आहे. क्लासमधली सगळी मुलं विशीतली, पुस्तकातले संवादही त्यांच्याच वयाचे. माझ्या वयाची स्पॅनिश बाई कशी बोलते ते कुठे शिकायचं?

उत्तर: मॅडम, तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण आम्ही शिकवणारे सगळ्यांना एकाच वयाचं स्पॅनिश शिकवतो, पंचवीस वर्षांच्या माणसाचं. तुमच्या वयाची बाई माद्रिदच्या मंडईत कशी बोलते ते सांगते.

फळांच्या गाळ्यापाशी रांग दिसत नाही, बायका इकडेतिकडे उभ्या असतात, पण प्रत्येकीला आपला नंबर पक्का माहीत असतो. नवीन आलेली बाई विचारते, "ला उल्तिमा?" शेवटी कोण आहे? आणि मागून आवाज येतो, "सेर्विदोरा." म्हणजे मी. शब्दशः सेविका, तुमची सेवा करणारी, पण अर्थ फक्त "मीच ती". आता विचारणारीला आपला नंबर कळला, ती संत्री दाबून बघायला मोकळी. तरुण मुलगी अशा वेळी साधं "यो" म्हणते. सेर्विदोरा हे शाळेत हजेरी घेतानाचं उत्तर होतं, मुलगा असेल तर सेर्विदोर, त्यामुळे ज्या पिढीने शाळेत ते म्हटलं त्यांच्याच तोंडी ते राहिलं. सुपरमार्केटात नंबराची चिठ्ठी काढायचं मशीन असतं, तिथे हा सगळा संवादच होत नाही. तुम्ही मंडईत जाऊन एकदा सेर्विदोरा म्हणून बघा, अगदी शोभेल तुम्हाला, आणि आजूबाजूच्या बायका लगेच गप्पा सुरू करतील.

अजून थोडे शब्द. स्वेटर समोरून बटणांचा असेल तर "रेबेका". १९४० च्या हिचकॉकच्या सिनेमावरून हे नाव पडलं, नायिका तसा स्वेटर घालायची. संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या नातीला आजी हमखास रेबेका घे म्हणणार. किराणा दुकान म्हणजे "उल्त्रामारिनोस", समुद्रापलीकडून आलेला माल विकणारं, कॉफी, कोको, मसाले, जुन्या पाट्यांवर हे नाव अजून दिसतं. आणि "कोन्फेरेन्थिया" म्हणजे ट्रंक कॉल! ऑपरेटरकडे नंबर नोंदवून ताटकळत बसायचं, ते सगळं आपल्याकडेही होतं त्यामुळे तुम्हाला वेगळं समजवायला नको. नात मात्र कोन्फेरेन्थिया म्हणजे भाषण किंवा परिषदच समजेल.

एक म्हण ओळखता आली पाहिजे पण वापरू नका, "केदार्से पारा वेस्तिर सान्तोस", लग्न न झालेल्या बाईबद्दल, म्हणजे आता ही देवळात संतांच्या मूर्तींना कपडे नेसवत बसणार. जुन्या पिढीत सहज बोललं जायचं. मला ती कधीच आवडली नाही आणि तरुण बायकांना ती लागते.

प्रश्न (मेक्सिकोत ग्वादालाहारा, आयटी): माद्रिदला बदली होतेय. इथे पाच वर्षांत जे स्पॅनिश शिकलो ते तिथे जुनाट वाटेल असं एका सहकाऱ्याने सांगितलं. खरं आहे का?

उत्तर: काही शब्दांबाबत खरं आहे, पण त्यात तुमच्या वयाचा संबंध नाही. गप्पा मारणे याला तुम्ही "प्लातिकार" म्हणता, मेक्सिकोत रोजचा शब्द, स्पेनमध्ये तो पुस्तकी, जुन्या काळचा वाटतो. रागावणे म्हणजे तुमचं "एनोखार्से", तिकडे "एन्फादार्से". नीट ऐकू आलं नाही की तुम्ही अदबीने "मान्दे?" म्हणत असाल, मेक्सिकोत लहान मुलांना तसंच वळण लावतात, स्पेनमध्ये ते खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकू येईल. तुमच्या बोलण्यावरून लोक तुम्हाला मेक्सिकोहून आलेला समजतील, म्हातारा नाही, त्यामुळे काही बदलू नका, पहिले दोन महिने फक्त ऐका.

"मे कायो एल वेइन्ते" (आत्ता ट्यूब पेटली) मात्र मेक्सिकोतच सोडून जावं लागेल, तिकडे पटकन कळणार नाही. पब्लिक फोनमध्ये वीस सेंताव्होंचं नाणं खाली पडलं की लाइन जोडली जायची, त्यावरून आलेला आहे. अर्जेंटिनात हेच फोनच्या टोकनवरून म्हणतात, "मे कायो ला फिचा". ते फोन कधीच गेले, पण वाक्य तरुणांच्याही तोंडी आहे.

प्रश्न (रत्नागिरी): आजोबा जहाजावर होते. बार्सिलोनाच्या एका मित्राची १९५०च्या सुमाराची पत्रं घरात आहेत. त्यात "फुए" आणि "दिओ" वर तिरकी रेघ आहे, आमच्या ॲपमध्ये ती चूक दाखवते. मित्राला लिहिता येत नव्हतं का? आणि शेवटी नुसती अक्षरं आहेत, एस एस एस.

उत्तर: मित्र अगदी बरोबर लिहीत होता. त्या छोट्या शब्दांवर तेव्हा आघातचिन्ह द्यायचेच, १९५२ च्या नव्या नियमांनी ते काढलं आणि १९५९ पासून ते न देणं सक्तीचं झालं. तोवर शाळा संपलेली माणसं पुढे आयुष्यभर चिन्ह देत राहिली, त्यामुळे हस्ताक्षरात ते दिसलं की लिहिणाऱ्याच्या पिढीचा अंदाज येतो. एस एस एस म्हणजे "सु सेगुरो सेर्विदोर", आपला खात्रीचा सेवक, म्हणजे वरच्या मंडईतल्या सेर्विदोराचाच भाऊ. पत्राच्या शेवटी ही अक्षरं टाकायची पद्धत होती. पत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, कोकणातल्या दमट हवेत खराब होतील, साध्या कागदी पाकिटात ठेवा.

जाता जाता, मूळाक्षरं म्हणताना कोणी "चे" (ch) आणि "एये" (ll) ही वेगळी अक्षरं म्हणून घेतली तर त्याची शाळाही जुनी. १९९४ मध्ये शब्दकोशाच्या क्रमातून त्यांची वेगळी जागा गेली आणि २०१० मध्ये मूळाक्षरांतूनही ती निघाली.

प्रश्न (ठाणे): "कास्पिता!" आणि "रेकोर्चोलिस!" खरंच कोणी म्हणतं का?

उत्तर: "अरेच्चा!"सारखे हे उद्गार कॉमिक्समध्ये आणि जुन्या डबिंगमध्ये. बोलण्यात जवळजवळ नाही. "काराम्बा" मात्र अजून ऐकू येतो.

प्रश्न (बिल्बाओ): बॉस सारखा "ला मिली"च्या गोष्टी सांगतो आणि एका सहकाऱ्याबद्दल म्हणाला की आम्ही एकाच "किन्ता"चे. किन्ता म्हणजे पाचवी ना?

उत्तर: मिली म्हणजे सक्तीची लष्करी सेवा, ती ३१ डिसेंबर २००१ ला बंद झाली. म्हणजे ज्याने मिली केली तो आज पंचेचाळिशीच्या आसपास किंवा पुढेच असणार. चिठ्ठ्या टाकून कोणाला कुठे पाठवायचं ते ठरायचं, गालिसियाचा मुलगा थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मेलिल्याला, त्यामुळे गोष्टी संपत नाहीत. पूर्वी पाचातला एक माणूस सैन्यात घ्यायचे, म्हणून दरवर्षीच्या भरतीची तुकडी किन्ता, आणि एकाच वर्षी बोलावलेले म्हणजे एकाच वयाचे. "सोमोस दे ला मिस्मा किन्ता" आता बायकाही म्हणतात, ज्यांना मिली कधी नव्हतीच. एखाद्या कामात मुरलेल्या माणसाबद्दल "तिएने मुचा मिली" म्हणतात, तुमच्या बॉसबद्दल तुम्ही हे म्हटलंत तर त्याला नक्की आवडेल.