एकाच ठाण्यात बेकारी वस्तीगणिक वेगळी का?

तुमचा प्रश्न असा की शहर एक, बाजार एक, मग काम हवं असूनही न मिळणारे काही वस्त्यांतच जास्त का?

मी किसननगरात वाढलो. नव्वदच्या दशकात वागळे इस्टेटमधले कारखाने एकेक करून बंद पडले, तेव्हा आमच्या गल्लीतली सात-आठ माणसं एकाच वर्षात घरी बसली. माझे वडीलही. त्यांना कामाला लावलं होतं एकमेकांनीच. एक जण फिटर म्हणून चिकटला की मागोमाग गावाकडचा भाऊ, मग मेहुणा, मग शेजारचा पोरगा. त्यामुळे एका कंपनीला टाळं लागलं आणि अख्खी गल्ली बसली. पगार गेला तो गेलाच, पण "उद्या ये, साहेबांशी बोलतो" म्हणणारंही कोणी उरलं नाही. नौपाड्यात एक शेजारी बँकेत, दुसरा शाळेत, तिसरा मंत्रालयात. तिथे एकाची गेली तर दुसरा शब्द टाकायला होता.

नोकऱ्या लांब आहेत हे कारण मला अर्धंच पटतं. त्याच वागळेत आज काचेच्या इमारती आहेत, किसननगरातून चालत जाता येतं. पण आमच्या पोरांना तिथे ठेकेदाराकडची सिक्युरिटी नाहीतर हाउसकीपिंग, तेही ठेका बदलेपर्यंत.

आकडे मात्र जपून वाचा. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणाचा नमुना इतका मोठा नसतो की प्रभागाचा दर काढता यावा. शिवाय त्याच्या साप्ताहिक हिशोबात सात दिवसांत एक तास काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. नाक्यावर सातला उभा राहून दहाला डबा तसाच घेऊन परतणारा मजूर आठवड्यात एकदा जरी कामावर गेला, तरी बेकार नाही. घोडबंदरच्या टॉवरमधला इंजिनिअर मुलगा घरच्यांच्या जिवावर वर्षभर मनासारखी नोकरी शोधतो, तो बेकार. म्हणजे या मापाने टॉवरच जास्त बेकार दिसू शकतो! त्यापेक्षा २०११ च्या जनगणनेचे प्रभागनिहाय तक्ते बघा. वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काम केलेले त्यात 'सीमांतिक कामगार' म्हणून वेगळे दाखवलेत. जुने आहेत, पण वस्ती-वस्तीतला फरक त्यात जास्त नीट दिसतो.

कंपनी गेल्यावर वडील पहाटे दोन तास पेपर टाकायचे. सरकारी व्याख्येने ते त्यानंतर एक आठवडाही बेकार नव्हते.