फराळाच्या घरगुती व्यवसायाची पहिली जाहिरात
दिवाळीच्या फराळाची जाहिरात आपण यंदा प्रथमच करणार आहात, म्हणून सुचवतो की इन्स्टाग्रामवर पैसे घालण्याआधी व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग तयार करून त्यात प्रत्येक पदार्थाचे वजन, किंमत, टिकण्याचे दिवस आणि एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी नोंदणी क्रमांक नीट लिहावा. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत (एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याच्या यादीत) 256 जणच बसतात आणि ज्यांनी आपला क्रमांक फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो; त्यामुळे डबा हातात देतानाच ग्राहकाला तशी विनंती करावी. गुगलवर व्यवसायाची नोंद विनामूल्य होते, तीही करावी. सशुल्क जाहिरात द्यायचीच असेल, तर आपण स्वतः जिथवर डबे पोहोचवू शकता तेवढाच परिसर निवडावा आणि त्या रकमेवरचा 18 टक्के जीएसटी हिशेबात धरावा. मी पहिल्या वर्षी लाइक मोजत बसलो होतो. त्यातले बहुतेक जण परगावचे निघाले. छायाचित्र सजवलेल्या ताटापेक्षा मोडलेल्या चकलीचे, आतली नळी दिसेल असे काढावे (माझ्याकडे तरी त्यालाच अधिक विचारणा झाली). धनत्रयोदशीच्या तोंडावर मात्र नवी जाहिरात सुरू करू नये, कारण तेव्हा कढईपासून हलता येत नाही आणि उत्तराची वाट पाहणारा ग्राहक दुसरीकडे मागणी नोंदवून मोकळा होतो.