ऑफर लेटर आहे, जॉइनिंग नाही

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. कंपनीने जॉइनिंगची तारीख पुन्हा पुढे ढकलली, आणि येणारा-जाणारा ‘लागलं का कुठे?’ विचारतो म्हणून तू बाहेरच्या खोलीत येणंच सोडलंयस. आधी आकडे ऐक. २०२३-२४ या एका वर्षात टीसीएसमधली माणसं १३ हजारांहून जास्त घटली, इन्फोसिसमधली जवळजवळ २६ हजार. कॉलेजांत येऊन वर्गच्या वर्ग उचलणाऱ्यांची ही गत. तेव्हा ‘माझ्यातच खोट असेल’ हे डोक्यातून काढ. (शेजारच्या काकूंना आकडे सांगत बसू नकोस, चहा दे.)

जॉइनिंगच्या पत्राची वाट बघ, पण हात बांधून नको. विषयाशी नातं असलेली मिळेल ती नोकरी धर. भोसरी, चाकणकडे पन्नास-साठ माणसांच्या पुष्कळ कंपन्या आहेत. पगाराचा आकडा ऐकून बाबांचा चेहरा उतरेल, उतरू दे. कॅनडात १९७६ ते १९९५ या काळातल्या पदवीधरांचा मोठा अभ्यास झालाय. मंदीत बाहेर पडलेल्यांची कमाई सुरुवातीला साधारण ९ टक्क्यांनी कमी होती, आणि बहुतेकांची ती तूट दहा वर्षांत भरून निघाली. कशी, तर छोट्या जागी सुरुवात करून ते चांगल्या कंपन्यांत सरकत गेले. हे सरकणं आपल्याकडची मुलं विसरतात. दोन वर्षांनी साहेब ओळखीचे होतात, डबा खायला कंपू जमतो, आणि माणूस तिथेच रुजतो. तू तसं करू नकोस.

केंद्राचं नॅट्स म्हणून शिकाऊ उमेदवारांसाठी पोर्टल आहे, त्यावर नाव नोंदव. त्यातल्या अप्रेंटिसशिपच्या विद्यावेतनाचा काही भाग सरकार उचलतं, म्हणून छोट्या कारखानदारालाही नवखा माणूस परवडतो.

रुजू होताना मूळ मार्कशीट ठेवून घेतो म्हणाले तर उठून ये. झेरॉक्स द्यायची, मूळ नुसती दाखवायची. ‘लॅपटॉपचं डिपॉझिट आधी भरा, नंतर परत मिळेल’ असा फोन आला तर सरळ कट कर.

एमपीएससीचं विचारलंयस. अधिकारी व्हायचंच असेल तर बस, पण किती वर्षं ते घरात आधी ठरव. नोकरी नाही म्हणून सदाशिव पेठेत कॉट घेणार असशील तर माझा साफ नकार. अभ्यासिकेत लोकांच्या प्रश्नांपासून सुटका होते खरी, पण वर्षं कधी सरतात कळत नाही.

आता रेझ्युमे. ‘हार्डवर्किंग, टीम प्लेअर’ हे काढून टाक. ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम’ तर तुमच्या निम्म्या वर्गाची आहे, सगळ्यांची मीच तपासलीय. पण तुमच्या प्रोजेक्टमध्ये एकाच पेशंटला दोन टोकन जात होती, आणि ती भानगड कुठून होतेय हे रात्रभर बसून तू शोधलं होतंस. रेझ्युमेत त्याचा एक शब्द नाही! काय बिघडलं होतं, कसं सापडलं, काय बदललंस, दोन ओळींत लिही. मुलाखत घेणारा तिथूनच विचारायला लागेल, आणि त्याची उत्तरं तुला पाठ करावी लागणार नाहीत.

शनिवारपर्यंत नवा रेझ्युमे पाठव, एका पानाचा, पीडीएफमध्ये. भोसरीत माझे जुने विद्यार्थी आहेत, त्यांच्या कानावर घालतो. फोन मात्र तुझा तू करायचास.