नोंदणीकृत, मान्यताप्राप्त, प्रातिनिधिक: युनियनची तीन विशेषणं

प्रश्न असा आहे: कारखान्यातल्या वादाच्या बातमीत एका युनियनला 'नोंदणीकृत' आणि दुसरीला 'मान्यताप्राप्त' म्हटलं होतं. दोन्हींचा अर्थ एकच का? आणि मान्यता रद्द झाली की युनियन बेकायदा ठरते का?

दोन्हींचं उत्तर 'नाही'. घोळ होतो तो शाळांमुळे. मान्यता नसलेली शाळा अनधिकृत, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की युनियनलाही आपण तोच अर्थ लावतो.

नोंदणी म्हणजे फक्त कायदेशीर अस्तित्व. १९२६ च्या केंद्रीय कायद्यात सात जणांनी अर्ज केला तरी पुरत असे. २००१ च्या दुरुस्तीने अट वाढवली: आस्थापनेतले १० टक्के किंवा १०० कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सदस्य हवेत, पण सातच्या खाली नाही. नोंदणी निबंधक करतो. युनियनला स्वतःच्या नावाने मालमत्ता ठेवता येते, दावा लावता येतो. पण मालकाने तिच्याशी बोललंच पाहिजे असं त्या कायद्यात कुठेही नव्हतं. सक्तीच्या मान्यतेची दुरुस्ती १९४७ साली मंजूर झाली खरी, पण ती कधी अमलातच आली नाही.

ही पोकळी महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्याने भरली. त्याचा अंमल ८ सप्टेंबर १९७५ पासून. कामगारांच्या तोंडी तो 'एमआरटीयू-पल्प': युनियनला मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध, अशा लांब इंग्रजी नावाचं लघुरूप. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमात, अर्जाच्या महिन्याआधीचे सलग सहा महिने किमान ३० टक्के कामगार सदस्य असतील, तर औद्योगिक न्यायालय मान्यता देतं, आणि एका वेळी एकाच युनियनला. वर्गणी महिना किमान ५० पैसे, कार्यकारिणीची बैठक निदान तीन महिन्यांतून एकदा, ठराव इतिवृत्ताच्या वहीत. रक्कम क्षुल्लक वाटते, पण अर्ज अडतो तो तिथेच: तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकली की तो कामगार सदस्य म्हणून धरला जात नाही. सभेला गर्दी असते, पावतीपुस्तकात माणसं नसतात.

मान्यता मिळाली की आवारात सूचनाफलक लावता येतो, वर्गणी गोळा करता येते, सगळ्या कामगारांच्या वतीने मालकाशी बोलता येतं. मान्यता नसलेलीही आपल्या सदस्याच्या खात्यांतर्गत चौकशीत उभी राहू शकते. म्हणून 'बेकायदा युनियन' हा शब्द इथे चूकच.

तिसरं विशेषण 'प्रातिनिधिक', आणि राजकारण सगळ्यात जास्त त्याच्याभोवती झालं. ते १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यातलं. तिथे एकक एकच गिरणी नव्हे, तर त्या भागातला अख्खा उद्योग, आणि अट त्यातले २५ टक्के कामगार सदस्य असण्याची. मुंबईच्या कापड उद्योगात हा दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. बोनस-पगाराइतकीच त्यांची मागणी होती हा दर्जा आणि तो देणारा कायदा हटवण्याची. प्रतिनिधी कोण हे कायद्याने आधीच ठरलेलं असल्याने मालकांना सामंतांशी बोलायचं टाळता आलं. पावत्या मोजायच्या की गुप्त मतदान घ्यायचं, हा वाद तेव्हाही जुनाच होता: काँग्रेसप्रणीत इंटक सदस्यसंख्येच्या पडताळणीच्या बाजूने, डाव्या संघटना मतदानाच्या. मला डाव्यांचं म्हणणं पटतं. पावतीवरून वर्गणी कळते, विश्वास कळत नाही.

याच १९७१ च्या कायद्याच्या नावाचा उत्तरार्ध आहे 'अनुचित कामगार प्रथा'. ही गैरवर्तनाची सैल संज्ञा नाही, परिशिष्टांत दिलेली बंदिस्त यादी आहे. सूडबुद्धीने कामावरून काढणं, बदली (गैरहजर कामगाराच्या जागी घेतलेला) वा हंगामी म्हणून वर्षानुवर्षं ठेवून कायमपणाचे हक्क नाकारणं, करार न पाळणं, गुणवत्ता न पाहता एका गटावर मेहेरनजर करणं, असं त्यात आहे. तक्रार ९० दिवसांत करावी लागते, उशीर झाल्यास सबळ कारण दाखवावं लागतं. नुसतं 'भेदभाव झाला' असं लिहिलेली तक्रार लंगडी पडते. कोणत्या बाबीखाली, ते नेमकं सांगावं लागतं. त्या यादीत जात हा शब्द मात्र नाही. आणि हा प्रश्न काही नवा नव्हता: मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात घेत नसत, कारण तिथे सूत तोंडाने ओढावं लागे आणि इतर कामगार त्यात विटाळ मानत. १९२८ च्या संपात आंबेडकरांनी हा मुद्दा मागण्यांत घालायला लावला, तो मालकांइतकाच युनियनच्या नेत्यांसमोरही ठेवून.

आता चौथा शब्द येतोय. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात 'वाटाघाटी करणारी युनियन' आहे: अनेक युनियन असतील तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली एकमेव, तशी कुणीच नसेल तर किमान २० टक्केवाल्यांची वाटाघाटी परिषद. हिला सरसकट 'मान्यताप्राप्त' म्हणू नये. ३० आणि ५१ या दोन वेगळ्या कायद्यांच्या अटी आहेत.

बातमी वाचताना रद्द कोणी केलं ते बघा. औद्योगिक न्यायालयाने केली असेल तर गेली ती मान्यता, युनियन शिल्लक आहे. निबंधकाने केली असेल तर गेली ती नोंदणी.