पहिली सेमी-ऑटोमॅटिक स्पोर्टिंग रायफल कोणती घेऊ? रत्नागिरीजवळ राहतो, बजेट दीड लाख

तुझा प्रश्न नीट वाचला. वय २४, टेक्सासात मामेभावाकडे जाऊन आलास, तिथे त्याच्या सेमी-ऑटोवर मनसोक्त फायरिंग केलंस आणि आता इथे तशीच एक घ्यायचीय, वर घरामागच्या बागेत डुकरं येतात म्हणून तेवढंच ते पण काम होईल असं तुझं म्हणणं. वयाने बराच लहान दिसतोस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नको. मी देवगडकडचा, घरात वडिलांच्या वेळेपासून शेतीसंरक्षणाची बंदूक आहे आणि मी स्वतः टार्गेट शूटिंग बरीच वर्षं करतोय.

तर बाबा रे, सेमी-ऑटो रायफल हा विषय इथे राहून डोक्यातून काढूनच टाक. २०१६ च्या शस्त्र नियमांत सेमी-ऑटोमॅटिक हत्यारं वेगळ्या, वरच्या वर्गात टाकलीयत, पिस्तुलाचा अपवाद सोडला तर. जिल्हाधिकारी कचेरीतून मिळतो तो साधा परवाना त्याला पुरत नाही. आणि विनापरवाना प्रतिबंधित हत्यार सापडलं तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा ७ ते १४ वर्षं आहे, म्हणजे तुझी अख्खी तरुणाई गेली. इन्स्टावर कोण 'लायसन लागत नाही, घरपोच देतो' म्हणून .२२ (साडेपाच मिलिमीटर बोअरची, म्हणजे नळीच्या भोकाची, रायफल) विकत असेल तर त्याच्या नादाला अजिबात लागू नको, एकतर पैसे बुडतील नाहीतर पैसे पण बुडतील आणि पोलीस पण दारात येतील.

आता कायदा बाजूला ठेव आणि खेळाच्या बाजूने बघ, कारण मला वाटतं तुझी खरी गडबड तिथे आहे. तू रायफल आधी निवडतोयस आणि इव्हेंट कुठला ते ठरवलेलंच नाहीस. सेमी-ऑटोत काय होतं, गोळी सुटली की तिच्याच जोरावर बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, स्प्रिंग बोल्टला परत पुढे ढकलते आणि येताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये बसतं, तू फक्त ट्रिगर सोडून परत ओढायचा. मजा येते यात वादच नाही. पण ऑलिम्पिकमध्ये रायफलचे जे दोन प्रकार आहेत, १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून), त्या दोन्हीत एका वेळी एकच गोळी हाताने भरायची असते. स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ४५१.४ गुण करून ब्रॉन्झ आणलं ते असंच, एकेक काडतूस भरून. तो राधानगरी तालुक्यातला, म्हणजे आपल्या कणकवलीवरून फोंडा घाट चढून गेलं की लागतं ते राधानगरी. तेजस्विनी सावंत पण कोल्हापूरचीच, २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची (पालथं झोपून मारायची) वर्ल्ड चॅम्पियन झाली. घाटावर हे सगळं झालं आणि आपण कोकणातले अजून मॅगझिनमध्ये किती राउंड बसतात ते विचारतोय. असो.

मग तुला कायद्यात बसून काय मिळू शकतं. शस्त्र कायदा १९५९ चं कलम १३ आहे, त्यात एक फार कामाची गोष्ट आहे जी दुकानदार सांगत नाहीत. केंद्र सरकारची मान्यता असलेल्या रायफल क्लबचा किंवा असोसिएशनचा मेंबर असलास आणि टार्गेट प्रॅक्टिससाठी .२२ रायफल मागितलीस तर तो परवाना द्यायचं कारण कायद्यातच लिहिलेलं आहे. नुसता 'मला आवड आहे' म्हणून अर्ज टाकलास तर फाईल फिरत बसेल, पोलीस रिपोर्ट, जबाब, त्रुटी, परत जबाब. क्लबचं मेंबरशिप, स्पर्धेतले स्कोअर आणि सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट (एस-१ फॉर्म म्हणतात ते) जोडलंस तर त्याच अर्जाला वजन येतं. वय २१ पूर्ण लागतं, ते तुझं आहेच. आणि २०१९ पासून साध्या माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन चालायची, तेव्हा घरात आजोबांच्या नावची बंदूक तुझ्या नावावर करायचा विचार चाललेला असेल तर हे आत्ताच लक्षात घे नाहीतर एक जागा तिच्यातच जाईल.

.२२ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरीची बोल्ट-ॲक्शन (प्रत्येक गोळीला बोल्ट हाताने मागेपुढे करायचा) स्पोर्टिंग रायफल येते (आता ती कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स कंपनीकडे गेलीय, २०२१ ला फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या केल्या ना तेव्हा). शिकायला ठीक आहे, मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची, म्हणून तिच्याकडे बघू नको. .३१५ चा मोह कोणी घालेल, ती जुन्या ब्रिटिश लष्करी एनफिल्ड रायफलच्या धाटणीची, आवाज आणि धक्का भरपूर, टार्गेटच्या खेळात तिचं काही काम नाही. जर्मन मॅच रायफली, वाल्थर, आन्शुट्झ, फाइनवर्कबाऊ, त्या तुझ्या बजेटच्या वर जातात आणि बाहेरून आणायची मुभा पण मुख्यतः नामांकित शूटरांनाच, म्हणजे तिथवर स्कोअरने पोचायचं असतं, पैशाने नाही.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे, पहिली रायफल .१७७ एअर रायफल घे. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असली की तिला शस्त्र परवाना लागत नाही. मॅचची एअर रायफल साडेसात-आठ ज्यूलच्या आसपास असते म्हणजे आरामात बसते. इथे एक मेख आहे ती नीट ऐक, एअरगनमध्ये पण .२२ म्हणजे साडेपाच मिलिमीटरची येते आणि ती बोअरमुळे परवान्यात जाते, कितीही कमी ताकदीची असली तरी. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी टांगलेल्या असतात आणि सेल्समन म्हणतो ही 'जरा पॉवरफुल' आहे. घेऊ नको.

'एअरगन काय, लहान पोरांची' असं तुझ्या मनात येणार माहितीय मला. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. अर्धा. पेन्सिलने टिंब काढ आणि पडवीच्या एका टोकाला भिंतीवर चिकटवून दुसऱ्या टोकाला उभा राहून बघ दिसतोय का. साडेचार-पाच किलोची रायफल डाव्या हातावर तोलून, कंबरेतून मागे रेलून, श्वास अर्धा सोडून थांबायचं आणि असे ६० शॉट काढायचे, मग कळतं खेळ काय आहे ते. सेमी-ऑटोवर शिकलेल्या पोराची एक खोड असते, पहिला शॉट जरा गेला की लगेच दुसरा मारून भरपाई करायची, आणि ती खोड मोडायला कोचला महिने लागतात. एकच गोळी भरायची असली की माणूस आपोआप नीट बघतो.

स्प्रिंगवाली घेऊ की पीसीपी हा पुढचा प्रश्न येईल. स्प्रिंगची, नळी खाली वाकवून भरायची, स्वस्त असते, आपल्या महाराष्ट्रातल्या प्रिसिहोलची वगैरे चांगली मिळते, घरी हात बसवायला ती चालेल. पण तिचा पिस्टन पुढे जाताना रायफल आधीच हलते, गोळी अजून नळीतच असते, त्यामुळे पकड रोज अगदी तशीच पाहिजे. स्पर्धेत उतरायचं असेल तर पीसीपी, म्हणजे सिलेंडरमध्ये दाबून भरलेली हवा, साधारण २०० बारपर्यंत. आता कोकणात ही हवा भरायची कुठे? तारकर्ली-मालवणला स्कुबावाल्यांचे सिलेंडर असतात ना, त्याच दाबाच्या आसपासची कोरडी, गाळलेली हवा, योग्य ॲडॅप्टर लावून त्यातून रायफलचा सिलेंडर भरता येतो. बाकी जगात पण शूटर लोक डायव्हिंगचीच टाकी वापरतात. हातपंप पण येतो, पण आपल्या दमट हवेत त्याने पाणी आत जातं आणि आतून गंज धरतो. आणि ऑक्सिजनचा सिलेंडर कधी म्हणजे कधीच लावायचा नाही, वेल्डिंगवाल्याने कितीही म्हटलं तरी, तेल-ग्रीसशी गाठ पडली तर स्फोट होतो.

बजेट दीड लाख म्हणतोस तर सगळे रायफलमध्ये घालू नको. पहिले काही महिने क्लबच्या रायफलवर काढ. पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब आहे, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज, पुण्यात बालेवाडी, आणि सिंधुदुर्गाच्या बाजूला असशील तर कोल्हापूर जवळ पडतं. लांब आहे मान्य, पण महिन्यातून एक-दोनदा कोचसमोर उभं राहायचं आणि बाकी दिवस घरी गोळी न भरता नुसतं उचल, धर, ट्रिगर ओढ एवढंच करायचं, याने जेवढं येतं तेवढं डबे रिकामे करून येत नाही. जॅकेट-पँट मापाची शिव, कॅनव्हास-लेदरची जाड असते, मे महिन्यात घालून बघ म्हणजे वजन कमी करायला वेगळी जिम नको.

आता जे बाहेरचा कोणीच सांगणार नाही ते, गंज. आपली खारी हवा. मुंबईचं यूट्यूब बघून लोक रायफल आलेल्या फोमच्या केसमध्येच ठेवतात. तो फोम ओल पितो आणि ती लोखंडाला चिकटवून ठेवतो, गणपतीला केस उघडली की जिथे जिथे फोम टेकला तिथे नळीवर सुंठीची पूड भुरभुरल्यासारखा तांबूस थर. चामड्याचं कव्हर तर त्याहून वाईट. वापरून झाली की घामाच्या हाताचा ठसा पुसायचा, पातळ तेलाचं फडकं फिरवायचं, नाहीतर आठवडाभरात बोटांच्या रेषा मोजता येतील एवढा ठसा लोखंडात उमटतो. लाकडी कपाटात उभी ठेव, आत सिलिका जेल आणि पावसाळ्यात एक छोटा बल्ब चालू. लाकडी दस्ता असेल तर जून-जुलैत तो फुगतो आणि नळीला टेकायला लागतो, मग तू म्हणणार माझा झीरो (नेमाची जुळवणी) हलतोय, माझा हात बिघडलाय, हात काही बिघडलेला नसतो. छर्रे पण बघ, शिशावर पांढरी भुकटी धरली की तो डबा टिनाच्या टार्गेटला वापर, कागदावर नको.

घरी रेंज करणार असशील तर चिऱ्याच्या भिंतीवर डायरेक्ट मारू नको, छर्रा उलटा येतो. मागे तिरका पत्रा असलेली पेटी कर, डोळ्यावर चष्मा, आणि खळ्यातून पायवाट जाते का ते आधी बघ, आपल्याकडे कोण कधी आंब्याखालून येईल सांगता येत नाही. खऱ्या .२२ चा तर विचारच नको वाडीत, ती अडीच ग्रॅमची गोळी दीड किलोमीटरच्या पुढेपर्यंत धोक्याची असते, मधे झाडं असली म्हणून ती थांबतेच असं नाही.

डुकरांचं वेगळं ठेव. रानडुकराला वन्यजीव कायदा १९७२ लागू आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय मारलंस तर केस होते. आणि एअर रायफलने किंवा .२२ ने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन रानात शिरतं, सडत मरतं किंवा दुसऱ्या दिवशी पाणंदीत कोणाच्या तरी अंगावर येतं. शेतीसंरक्षणाला कायद्याने ठासणीची किंवा २० इंचांपेक्षा कमी नळी नसलेली काडतुसाची बंदूक धरलीय, तो परवाना वेगळ्या कारणाचा, आणि निवडणूक आली की ती पोलीस स्टेशनात जमा होते ते वेगळंच, आमची दर वेळी परत येते तेव्हा एक डाग वाढलेला असतो. त्यापेक्षा सौर कुंपण बघ.

राहिला मामेभाऊ. परत तिकडे गेलास की हौस तिथेच भागव. पहिल्यांदा शिकायला तिकडे रुगर १०/२२ देतात, १९६४ पासून चालू आहे, दहा गोळ्यांचं गोल मॅगझिन, .२२ असल्याने धक्का जवळपास नाहीच आणि गोळ्या स्वस्त. .२२३ ची एआर (एआर-१५ धाटणीची सेमी-ऑटो) त्याच्या पुढची पायरी, गोळीचा वेग अडीच-तीन पट आणि खर्च पण बराच जास्त. फक्त तिकडे नोकरीला जाऊन एच-१बी वर असशील तर आपल्या नावाने लगेच दुकानात जाऊ नको, त्या व्हिसावर बंदूक बाळगायला तिथल्या फेडरल कायद्याने बंदी आहे, शिकारीचं लायसन असेल तर सूट मिळते, आणि ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नसते.

आणि एअर रायफल बघायला दुकानात गेलास की डोळे मिटून खांद्याला लाव, मान सैल सोड आणि मग डोळे उघड. मागच्या भोकातून पुढची रिंग मधोमध दिसली तर दस्ता तुझ्या मापाचा, मान वाकडी करून शोधावी लागली तर गालपट्टी आणि मागचा पॅड ॲडजस्ट होतो का विचार, होत नसेल तर कितीही डिस्काउंट देऊदेत, ठेव परत.